वाहून गेलेली वही

पानशेतच्या पुरात आमच्या दुकानाचं काय काय गेलं, ही यादी बाबांना शेवटपर्यंत तोंडपाठ होती. तांदळाची ११ पोती, तूरडाळ, गुळाच्या ढेपा, रॉकेलचं पिंप, तराजूचं एक पारडं. सगळ्यात शेवटी, आवाज थोडा खाली आणून, ते म्हणायचे, "आणि उधारीची वही."

दुकान पुण्यात, नारायण पेठेत होतं. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं. काम पुरतं व्हायच्या आत त्यात पाणी साठवलेलं होतं. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते वाचवायची शर्थ केली होती. मग खालचं खडकवासल्याचं धरणही गेलं आणि मुठा पेठांमध्ये शिरली. बाबा तेव्हा १४ वर्षांचे होते. आजोबांनी, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, गल्ल्यातली रोकड उपरण्यात बांधली, आजीला आणि मुलांना पुढे घातलं, वही सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आणि कुलूप लावलं. तिथवर पाणी चढेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तेव्हा फळीच भिंतीला नव्हती. वही कोपऱ्यात चिखलात रुतलेली सापडली. टाकाने लिहिलेली, दौतीतल्या शाईची. पानं सोडवायला गेलं की बोटांना निळसर लगदा लागायचा.

तेव्हा पेठेतल्या किराणा दुकानाचा निम्मा धंदा उधारीवर चालायचा. महिनाभर नेलेलं पगाराच्या दिवशी चुकतं करायचं, ज्याला जमेल त्याने पूर्ण, नाही जमलं तर थोडं पुढे ओढायचं. वही गेली म्हणजे आळीतल्या साठ-सत्तर घरांचं देणं एका दिवसात पुसलं गेलं. आप्पांच्या डोक्यात बरेचसे आकडे होते. पण डोक्यातला आकडा दाखवून पैसे कसे मागायचे? आणि ज्यांच्या घरातली चूलच वाहून गेली, त्यांच्या दारात जायचं तरी कोणत्या तोंडाने?

आप्पांनी कुणाकडेच मागितलं नाही. लोक मात्र आले. सगळे नाहीत; बाबांच्या अंदाजाने तिसरा हिस्सा. कुणी लगेच, कुणी गणपतीनंतर, कुणी दिवाळीच्या तोंडावर. एक जण गोखलेनगरला नवी खोली मिळाल्यावर तिथून चालत आला आणि हप्त्याने देऊ का म्हणाला.

बाबांना सगळ्यांत लख्ख आठवायच्या त्या पापड लाटणाऱ्या एक मावशी. नवरा वारलेला, दोन पोरं. पूर ओसरून महिनाही झाला नसेल. दुकानात अजून ओल्या गोणपाटाचा कुबट वास होता. मावशी उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, माझ्याकडे साडेअकरा निघतायत. आत्ता पाच आणलेत." पदराच्या गाठीतून त्यांनी पैसे सोडले. चिल्लरच जास्त. आप्पांनी ते मोजले, कपाळाला लावले आणि गल्ल्यात टाकले. त्या गेल्यावर बाबांना म्हणाले, "माझ्या लक्षात सातच होते."

हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की आप्पांचा आवाज मला माझ्या आठवणीतून येतो की बाबांच्या, हे आता सांगता येणार नाही.

त्याच आळीत एक प्रतिष्ठित गृहस्थ राहत. त्यांची उधारी सगळ्यांत मोठी, १५० च्या वर. ते आले नाहीत. पुढे त्यांनी नदीपासून लांब प्लॉट घेतला, बंगला बांधला, मुलं शिकून मोठी झाली. लक्ष्मी रस्त्यावर बाबा दिसले की थांबायचे, आप्पांच्या तब्येतीची आपुलकीने चौकशी करायचे. आजी म्हणायची, "पापाचा पैसा टिकत नाही." टिकला. गृहस्थ भरल्या घरात, म्हातारपणी, झोपेत गेले. आजीचं आणखी एक म्हणणं असायचं, त्यांना आतून कुठेतरी टोचत असणारच. मला तसं वाटत नाही. ज्याला टोचतं तो रस्ता बदलतो, आपणहून थांबून चौकशी करत नाही.

प्लेटोच्या एका संवादात ग्लॉकॉन नावाचा तरुण सॉक्रेटिसला एक गोष्ट सांगतो. लिडिया देशातला एक मेंढपाळ. मोठा पाऊस आणि भूकंप होऊन जमीन दुभंगते, त्या भेगेत त्याला एक अंगठी मिळते. अंगठीचा खडा तळहाताकडे वळवला की तो दिसेनासा होतो. हे कळल्यावर तो राजवाड्यात जातो, राणीला फितवतो, राजाला मारतो, राज्य घेतो. ग्लॉकॉनचा प्रश्न सरळ आहे: अशा दोन अंगठ्या असल्या, एक सज्जनाला दिली आणि एक दुर्जनाला, तर दोघांच्या वागण्यात काही फरक राहील का? आपण नीतीने वागतो ते लोक बघतात म्हणूनच ना?

कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वही आठवली. त्या पावसाळ्यात मुठेने आमच्या आळीतल्या प्रत्येक घराला एकेक अंगठी वाटली होती. ग्लॉकॉनला जो प्रयोग कल्पनेत करावा लागला, तो आमच्याकडे खराखुरा झाला, आणि निकाल असा लागला की तिसऱ्या हिश्शाने अंगठी घातलीच नाही. त्यांतल्या एका बाईने तर आप्पांच्या आठवणीपेक्षा साडेचार रुपये जास्त सांगितले.

तिला त्यातून काय मिळालं? हा प्रश्न मी टाळत नाही. गरिबाला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे, कारण सचोटीची किंमत त्याला सगळ्यांत महाग पडते.

आमच्याकडे याचं तयार उत्तर होतं, दुकानदाराचं: सचोटीने धंदा वाढतो. बाबा हे नेहमी म्हणायचे आणि त्यांच्या दुकानापुरतं ते खरंही होतं. आळीतल्या बायका सहा वर्षांच्या पोरालाही हातात पैसे देऊन बिनधास्त पाठवायच्या. बाबांनी कधी काटा मारला नाही. दर सकाळी दुकान उघडलं की आधी रिकामी पारडी तोलून बघायची, जरा जरी झुकलं तरी पासंग लावायचा, मगच पहिलं गिऱ्हाईक. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर वजनमापे निरीक्षकाचा शिक्का. शिसं कोरून काढलं की वजन हलकं होतं आणि वरून काही दिसत नाही. मला वजनं पुसायचं काम असायचं. प्रत्येक वजन उलटं करून शिशावरून अंगठा फिरवायचा, शिक्क्याची रेघ हाताला लागली पाहिजे. अजूनही भाजीवाल्याकडे वजन दिसलं की माझा अंगठा हलतो.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली नेमका असाच दुकानदार उदाहरणाला घेतला आहे. तो सगळ्यांना एकच भाव लावतो, लहान पोरालाही फसवत नाही. कांट म्हणतो, एवढ्यावरून तो कर्तव्यबुद्धीने वागतो असं म्हणता येणार नाही. त्याचा फायदाच त्यात आहे. हे वाचून मी बाबांच्या वतीने दुखावले होते. आता वाटतं, कांटने बाबांवर आरोप केलेला नाही, त्याने फक्त दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. चार गल्ल्यांच्या पेठेत, जिथे प्रत्येक जण प्रत्येकाला तीन पिढ्या ओळखतो, तिथे खरेपणा आणि फायदा एकाच वाटेने चालतात. वाटा जिथे फुटतात तिथेच कळतं की माणूस कुणाच्या मागे चालला होता.

माझी वाट वयाच्या ४७ व्या वर्षी फुटली. एका बांधकाम व्यवसायातल्या कंपनीत मी लेखा विभागात होते. वर्षअखेरीला काही बिलं समोर आली, साइटवर कधी न आलेल्या सिमेंट आणि स्टीलची. माल मिळाल्याच्या पावतीवर माझी सही हवी होती. मी केली नाही. फार बोलणं झालं नाही, कुणी धमकीही दिली नाही. तीन महिन्यांनी माझ्या पदाची आता गरज नाही असं कळवण्यात आलं. शेजारच्या टेबलावरच्या माझ्या मैत्रिणीने सही केली. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, घरात कमावणारी ती एकटी. तिला मी तेव्हाही वाईट म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. तिला पुढे बढती मिळाली आणि त्या पावत्यांचं काहीही झालं नाही.

मी ११ महिने घरी होते. घराचा हप्ता चालू होता, मुलीचं इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष होतं, आईच्या पाटल्या गहाण टाकल्या. खोटं केलं नाही की शांत झोप लागते म्हणतात. मी रात्र रात्र जागी असायचे आणि मोबाइलवर हप्त्यांची बेरीज करायचे. भेटणारे म्हणायचे, "बघ, चांगल्याचं चांगलंच होतं." त्यांना धीर द्यायचा असायचा, पण मला ते ऐकून परकं परकं वाटायचं. म्हणजे माझं चांगलं झालं नाही तर मी चांगलं केलं नव्हतं, असा त्याचा अर्थ होतो. सोसलेल्या माणसाच्या पदरात वरून हेही घालायचं?

बाबा तेव्हा ७० च्या पुढे होते, दुकान रडतखडत चालू होतं. त्यांनी एकच विचारलं, "सही नाही केलीस ना?" मी नाही म्हटलं. "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुकानातला पोऱ्या महिन्याचं सामान घेऊन दारात हजर. मी फोन करून सांगितलं, "बाबा, हे वहीत लिहा, माझ्या नावावर." त्यांनी लिहिलं. बाप म्हणून फुकट दिलं असतं तरी त्यांना चाललं असतं, पण त्यांनी वाद न घालता लिहिलं. त्या सबंध वर्षात माझा कुणी सर्वांत मोठा मान राखला असेल तर तो या गोष्टीने.

पुढे कमी पगाराची नोकरी मिळाली. ती उधारी मी पाच महिन्यांत फेडली.

वनपर्वात द्रौपदी धर्मराजाला हेच विचारते. तुम्ही इतके धर्माने वागलात आणि आपण रानात, तो दुर्योधन गादीवर. मग या धर्माचा उपयोग काय? युधिष्ठिराचं उत्तर मला फार जवळचं वाटतं. तो तिला फायद्याचं आश्वासन देऊन बोलायला लागत नाही. म्हणतो, मी फळाकडे बघून धर्म आचरत नाही. माझं मन स्वभावतःच त्याला लागलेलं आहे. जो धर्माचा व्यापार करतो तो धर्म बोलणाऱ्यांत सगळ्यांत हलका. 'धर्मवाणिज्यक' असा शब्द आहे तिथे. आणि पुढे, धर्माची जो धार काढू बघतो, त्याला धर्माचं फळ मिळत नाही.

वाण्याच्या मुलीला हा शब्द लागणारच. पण त्याच महाभारताच्या शेवटी व्यास दोन्ही हात उंच करून ओरडतायत: अरे, धर्मातूनच अर्थ मिळतो, कामही मिळतो, मग तो का पाळत नाही? कुणी माझं ऐकत नाही. म्हणजे एकाच ग्रंथात नातू सांगतो आहे की फायद्यासाठी धर्म करू नये, आणि आजोबांच्या जागी असलेला ऋषी सांगतो आहे की धर्म करा, त्यातच फायदा आहे. बरीच वर्षं मला यातलं कुठलं तरी एकच खरं असेल असं वाटायचं.

उत्तर मला वहीतच सापडलं, तेही बाबांनी सहज सांगितलेल्या एका तपशिलातून. पुरानंतर आप्पांकडे माल भरायला भांडवल नव्हतं. भवानी पेठेतल्या घाऊक व्यापाऱ्याने थोडा माल उधार दिला, पण दुकान खऱ्या अर्थाने उभं राहिलं ते त्या तिसऱ्या हिश्शाने आणून दिलेल्या पैशांवर. आणि दुकान उभं राहिल्यावर आप्पांनी उधारी पुन्हा सुरू केली, सगळ्या आळीसाठी. जे आले नाहीत त्यांच्यासाठीही. त्या प्रतिष्ठित गृहस्थांकडे प्लॉट घेईपर्यंत आमच्याच दुकानातून सामान जात होतं. पापडवाल्या मावशींचे पाच रुपये त्यांच्याही ताटात गेले.

म्हणजे व्यास बरोबर आहेत, धर्मातून अर्थ निघतो. फक्त ज्याने धर्म पाळला त्याच्याच हाती तो पडेल असं नाही. बहुतेक वेळा तो शेजाऱ्याकडे जातो. सावित्रीबाई फुल्यांनी प्लेगच्या साथीत मुंढव्याचं एक आजारी पोर पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवलं. त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. महर्षी कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं, मुरुडला गावाने वाळीत टाकलं. पुढे त्यांना १०० वर्षांवर आयुष्य लाभलं आणि १९५८ साली भारतरत्न मिळालं. दोघं पुण्याचीच. या दोन आयुष्यांवरून नीतीच्या फायद्याचा नियम काढायला बसणं म्हणजे दोघांचाही अपमान आहे. पण पुण्यातली मी, बाई असून हिशेब लिहिते, सही करायला नकार देऊ शकते, स्वतःच्या नावावर उधारी मागू शकते. त्या दोघांच्या खात्यावरची जमा माझ्याकडे आली आहे.

आमच्या दुकानापासून चार पावलांवर टिळकांचा गायकवाड वाडा. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या गीतारहस्यात त्यांनी 'आधिभौतिक सुखवाद' या प्रकरणात इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्सचं मत मांडून खोडलं आहे: माणूस दुसऱ्याशी बरा वागतो तो शेवटी स्वतःच्याच भीतीपोटी, दूरवरचा स्वार्थ पाहून. माणसाच्या मनाबद्दल टिळकांचंच खरं, असं मी मावशींना साक्षीला ठेवून म्हणेन. पण समाज कसा चालवायचा, या बाबतीत हॉब्सकडे थोडं ऐकायला हवं. शिशावरचा तो शिक्का कशासाठी होता? बाबांना शिक्क्याची गरज नव्हती. पण पलीकडचा दुकानदार काटा मारून किलोमागे चार पैसे स्वस्त देऊ लागला असता तर बाबांना सचोटी परवडली नसती. निरीक्षक येत होता म्हणून खरेपणाची किंमत आटोक्यात होती. माझ्या ऑफिसात असा निरीक्षक नव्हता. साध्या खऱ्या वागण्यासाठी जिथे माणसाला धैर्य लागतं, घरचे दागिने गहाण टाकावे लागतात, तिथे दोष त्या जागेचा असतो. माझ्या मैत्रिणीला तिच्या सासूबाईंच्या औषधांची चिंता नसती तर तिनेही सही केली नसती, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक आहे. ती किंमत ठरवणारे आपण सगळे आहोत, आणि गरिबांना नीतीची वचनं ऐकवण्याऐवजी ती कमी करणं हे आपलं काम आहे. याबद्दल मला राग येतो आणि तो येत राहावा असं वाटतं.

मग मी सही का केली नाही? मुलीने एकदा विचारलं होतं. फायदा नव्हता, हे मला त्या दिवशीही कळत होतं. मी एवढंच म्हणू शकले की पेन उचललं तेव्हा अंगठ्याला शिशावरची रेघ लागली. ती माझी कमाई नव्हे. आप्पांनी आणि बाबांनी ती माझ्या हातात आधीच घालून ठेवली होती. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते, आणि दिवाळं निघालं तेही बरंच झालं असं त्यांनी देवाला सांगितलं. तेही दुकानदाराच्याच घरातले. माझी तेवढी ताकद नाही. दिवाळं निघालं ते बरं झालं असं मला आजही म्हणवत नाही. पाटल्या सोडवून आणल्या त्या दिवशी मी रस्त्यात उभी राहून रडले.

बाबा गेल्यावर दुकान बंद केलं. माळा आवरताना पुरानंतरची पहिली वही मिळाली, लाल कापडाच्या बांधणीची. पहिल्या पानावर वर 'श्री', खाली आप्पांच्या किरट्या अक्षरात २३ नावं, प्रत्येकासमोर रक्कम आणि तारीख. आपणहून आलेल्यांची ती यादी. न आलेल्यांच्या नावावरची जुनी बाकी कुठल्याच पानावर नाही, १५० वाल्यांचीही नाही, आणि बाबा तर सांगायचे की आप्पांना ती नावं मरेपर्यंत पाठ होती.

मावशींचं नाव चौथं आहे. समोर आधी ५, मग २, २, आणि शेवटी अडीच, चार वेगवेगळ्या तारखांना. मी पानं उलटत गेले. पहिले ५ दिल्यावर चारच दिवसांनी, पान सात, पुन्हा त्यांचं नाव: तांदूळ २ किलो, गूळ पाव किलो, चहापूड, रॉकेल एक बाटली. पुढे आप्पांनी लिहिलंय, 'उधार'.